सुपारीएवढं टेंगूळ

आमच्या घरापासून त्या टेकडीच्या पार्किंगपर्यंत एकशे छप्पन्न किलोमीटर अंतर आहे. इंगोलश्टाटहून ऑटोबानने म्युनिक, म्युनिकला बाहेरून वळसा, मग पुन्हा दक्षिणेला, आणि शेवटचे अठरा किलोमीटर गावांमधून जाणारा साधा रस्ता. वाट मोकळी असेल तर एक तास पन्नास मिनिटं लागतात. हे घडलं त्याआधीच्या तीन हिवाळ्यांत आम्ही तिथे सात वेळा जाऊन आलो होतो. सकाळी निघायचं, दुपारी परत. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा, डिकीत मुलीचे कोरडे कपडे दोन जोड.

टेकडीवर करायचं ते एवढंच : मोठ्या रबरी ट्यूबमध्ये बसायचं आणि बर्फात कोरलेल्या पन्हळीसारख्या वाटेतून खाली घसरत यायचं. वाट साधारण एकशे दहा मीटर. दोन्ही बाजूंना बर्फाचे गुडघाभर बांध, म्हणजे ट्यूब बाहेर जात नाही. खाली सपाटीवर रबराच्या चटया अंथरलेल्या असतात, त्यांवर घासत ट्यूब थांबते. चटयांच्या पलीकडे गवताच्या गठ्ठ्यांची भिंत. थांबलं की ट्यूब दोरीच्या लिफ्टला अडकवायची, ती आपल्याला बसल्या जागी वर नेते. स्की शिकावं लागतं, याला काही शिकावं लागत नाही, म्हणून लहान मुलांची कुटुंबं इथे जास्त.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ब्रेकच्या चाचण्या करतो. वेग किती होता, पृष्ठभाग कसा होता, गाडी कुठे थांबली, हे नोंदवण्यात वीस वर्षं गेली. त्यामुळे टेकडीवरही माझं लक्ष ट्यूब कुठे थांबते याकडे असतं. चटया बारा आहेत. तापमान शून्याच्या आसपास असलं, बर्फ ओलसर असला की माझी मुलगी सातव्या चटईवर थांबते, मी नववीवर. उणे चारला ती नववीवर, मी अकरावीवर. वजन जास्त असलं की माणूस पुढे जातो. बायको या आकडेवारीला हसते, पण ते आकडे आपोआप डोक्यात राहतात, त्याला मी काय करणार?

त्या जानेवारीत सासरे आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. वय शहात्तर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि सांगलीच्या घरात ते एकटेच राहत होते. तब्येत काटक, पण हृदयाचे ठोके अनियमित, त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी सकाळ-संध्याकाळ. ते आले त्याच आठवड्यात बायकोने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, "बाबा पडले आणि हात मोडला तर मी निभावून नेईन. पण डोकं आपटलं तर आत रक्त येत राहील आणि बाहेरून काही कळणार नाही. लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं होतं.

तो शनिवार ठरला तेव्हा बायकोच्या कंपनीत इन्व्हेंटूर होती, म्हणजे गोदामातला सगळा माल मोजायचा दिवस, आणि तिला सुट्टी नव्हती. म्हणून मी, नऊ वर्षांची मुलगी आणि सासरे असे तिघेच निघालो. दारात बूट घालताना बायको म्हणाली, "बाबांनी खाली बाकावर बसायचं, चहा प्यायचा, फोटो काढायचे. ट्यूबवर बसू देऊ नकोस."

"नाही बसू देणार," मी म्हणालो.

"काय गं, मी इथेच उभा आहे," सासरे म्हणाले. "मला सांग की."

"तुम्हाला सांगून उपयोग असता तर त्याला कशाला सांगितलं असतं?"

आठ दहाला निघालो, दहा पाचला पोचलो. गाडीतला तापमापक उणे सात दाखवत होता. आदले दोन दिवस बर्फ वितळत होता आणि रात्री पुन्हा गोठला होता. वाटेवर पाऊल ठेवलं तेव्हा बुटाखाली भुसभुशीत काही लागलं नाही, काचेवर चालल्यासारखं वाटलं. पहिल्या फेरीला मुलगी अकराव्या चटईवर थांबली. मी बाराव्या चटईच्या शेवटच्या कडेला. माझ्या बुटांपासून गठ्ठ्यांच्या भिंतीपर्यंत दीड हात जागा राहिली होती. असं आधीच्या सात वेळांत एकदाही झालं नव्हतं. मी लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला जाऊन सांगितलं. तो माझ्याहून वयाने मोठा, लाल गालांचा. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "जा, जा, आज जलद आहे," आणि दुसऱ्या पोराची ट्यूब दोरीला अडकवायला वळला. मी पाटी पुन्हा वाचली. कमीत कमी उंची लिहिली होती, मुलांना हेल्मेट घाला असं लिहिलं होतं, पाठ मागे टेकून पाय वर धरा असं चित्र होतं. वयाची वरची मर्यादा लिहिलेली नव्हती.

सासरे दीड तास बाकावर बसले. चहा झाला, पुऱ्या झाल्या, चाळीसेक फोटो झाले. मग मुलगी ट्यूब ओढत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. "आबा, कॉम! आइनमाल!" एक बोट वर करून. एकदाच.

"काय म्हणते?" त्यांनी मला विचारलं, पण ते उठलेच होते.

"अहो बाबा, नको. आज बर्फ फार कडक आहे. ट्यूब शेवटपर्यंत जातेय."

"शेवटपर्यंत जायलाच बसतात ना लोक?"

"तुमची गोळी चालू आहे. तिने सांगितलंय—"

"जावईबापू," ते म्हणाले, आणि हसले, "ती मला साखरही मोजून देते. मी काय काचेचा आहे? धरणाच्या भिंतीवरून सायकल चालवलीय मी. ही पोरं बघा, दूध वाळलं नाही अजून ओठावरचं, आणि घसरतायत."

माझ्या ऑफिसात मी कोणालाही तोंडावर नाही म्हणू शकतो. वरिष्ठांची चाचणी मी दोनदा थांबवली आहे. पण आमच्या घरात जावयाने सासऱ्यांना लोकांसमोर, नातीसमोर, थांबवायचं नसतं. तेही मला कधी अडवत नाहीत. मी जेवताना मीठ जास्त घेतो हे ते अठरा वर्षं गप्प बसून पाहत आले आहेत. तिसऱ्यांदा 'नको' म्हणायला तोंड उघडलं तेव्हा मुलीने त्यांचा हात धरला होता. मी म्हणालो, "बरं, पण हेल्मेट घाला. माझं घ्या." त्यांच्या डोक्यावर लोकरीची माकडटोपी होती. तिच्यावर हेल्मेट बसेना, आणि टोपी काढायला ते तयार होईनात. "कान उघडे पडतील," म्हणाले. तिथे मी हरलो. हे मी जसं घडलं तसंच लिहितो आहे, कारण यातला प्रत्येक टप्पा मला थांबवता आला असता.

वर गेल्यावर ते ट्यूबमध्ये मांडी घालून बसले. चटकन, सवयीने, जसे पाटावर बसतात तसे. वर ट्यूब सोडणाऱ्या तरुणीने त्यांना हाताने दाखवलं : मागे टेका, पाय वर. त्यांनी पाय वर घेतले, पाठ टेकली, तिला अंगठा दाखवला. तिने ढकललं. मी मुलीसोबत चटयांच्या बाजूला खाली उभा होतो आणि वर बघत होतो. साधारण अर्ध्या वाटेवर त्यांनी पाय पुन्हा आत ओढले. मांडी घातली, पाठ ताठ केली आणि एक हात वर करून नातीला दाखवला. उतारावर वस्तूचं वजन जेवढं उंच, तेवढी ती उलटायला सोपी. हे मला रोज दिसतं. मी ओरडलो, "बाबा, मागे व्हा! मागे!" वाऱ्याने आवाज कुठल्या कुठे नेला.

ट्यूब दहावी चटई, अकरावी, बारावी ओलांडून गठ्ठ्यांवर धडकली. धक्का मोठा नव्हता. मूल असतं तर हसलं असतं. पण ते ताठ बसले होते. ट्यूब मागे उसळली, ते तिच्यातून मागच्या मागे बाहेर फेकले गेले आणि डोकं चटईच्या कडेशेजारी उघड्या बर्फावर आपटलं. मला तो आवाज ऐकू आला. लाकडी पाटावर नारळ ठेवल्यासारखा. मी घड्याळ पाहिलं. अकरा बावन्न.

मी पोचेपर्यंत ते उठून बसले होते. लिफ्टवाला धावत आला, "मदत बोलावू का?" असं विचारू लागला. सासऱ्यांना तेवढं कळलं. "नाइन, नाइन! गुट, गुट!" त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं, जणू पडला तोच होता. मी टोपी वर सरकवून पाहिलं. रक्त नव्हतं. उजव्या कानामागे सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं आणि बोट लावताच त्यांनी श्वास आत ओढला.

"चक्कर येतेय का? मळमळतंय?"

"काही नाही हो. लहानपणी रोज एक यायचं असं."

"आपण दवाखान्यात जाऊ. इथून बारा किलोमीटरवर आहे, येताना पाटी पाहिली."

त्यांनी माझं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती, ते मला आठवतं, कारण मी ती तपासत होतो. "जावईबापू, ऐका. दवाखाना म्हटलं की तिला कळणार. तिला कळलं की ती मला पुढच्या वर्षी येऊ देणार नाही आणि तिकडे एकटं राहू देणार नाही. कुठल्या तरी वृद्धाश्रमाचे कागद तिच्या फोनमध्ये आहेत, मी पाहिलेत. तुम्ही मला शब्द द्या. तिला सांगायचं नाही."

मुलगी दोन पावलांवर उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हणालो, "बरं."

म्हणजे एका दिवसात मी दोन माणसांना दोन शब्द दिले होते. एक मोडलाच होता, आणि दुसरा पाळला तर माणूस जाऊ शकत होता.

गाडीत मी स्वतःशी जी तडजोड केली ती एखाद्या इंजिनिअरलाच सुचावी : माणूस निरीक्षणाखाली ठेवायचा. ते शेजारच्या सीटवर, मी चालवताना दर दहा मिनिटांनी काही तरी विचारायचं, उत्तर बरोबर आलं तर पुढे. उत्तर चुकलं तर थांबायचं. बारा किलोमीटरवरची ती पाटी आली तेव्हा सगळं बरोबर होतं, म्हणून मी तिच्यावरून पुढे गेलो. बारा पस्तीस झाले होते.

सुरुवातीला विचारलं, आज वार कोणता, आपण कुठे गेलो होतो. त्यांनी उत्तरं दिली आणि चौथ्या प्रश्नाला चिडले. "मी काय शाळेत आलोय?" तेव्हा मला सुचलं की शाळाच विचारावी. त्यांचे वडील शिक्षक होते. दिवेलागणीला परवचा म्हणवून घ्यायचे, आणि त्यात नुसते पाढे नव्हे तर पावकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, दीड, अडीच, साडेतीनचे पाढे. ते आपल्याला अजून येतात हा सासऱ्यांचा अभिमान होता. मी म्हणालो, "बाबा, हिला जरा तुमचे पाढे ऐकवा ना. हिला खरं वाटत नाही."

ते खुलले. "विचारा काय ते."

"अकरा दीड?"

"साडेसोळा."

"तेरा अडीच?"

"साडेबत्तीस. अवघड विचारा की!"

मागून मुलगी फोनवर तपासत होती. "श्टिम्ट!" ती म्हणाली. बरोबर. मी एका डोळ्याने रस्ता आणि एका डोळ्याने त्यांचा डोळा पाहत होतो. डावी बाहुली आणि उजवी बाहुली सारखी आहे का, ते गाडी चालवताना बाजूने कसं कळणार? तरी मी पाहत होतो. एकोणीस दीड, साडेअठ्ठावीस. सतरा सव्वा, सव्वाएकवीस. प्रत्येक बरोबर उत्तराला मला वाटायचं, झालं, संपलं. आणि दोन मिनिटांनी मी पुढचा प्रश्न विचारायचो, कारण बायको म्हणाली होती, बाहेरून काही कळणार नाही.

म्युनिकच्या बाहेरच्या रिंगरोडआधी श्टाउ लागला, म्हणजे वाहतुकीची कोंडी. नऊ किलोमीटर गाड्या उभ्या. पुढे कुठे तरी अपघात झाला होता. सगळ्यांनी नियमाप्रमाणे गाड्या दोन कडांना घेतल्या, मधून रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवली, आणि दोन निळे दिवे त्या वाटेतून निघून गेले. ती मोकळी वाट मला खिडकीतून दिसत होती, हात लांब केला तर हाताला लागेल एवढ्या अंतरावर. आमच्याच गाडीत एक माणूस होता ज्याच्यासाठी ती वाट ठेवायला हवी होती, आणि त्याला तिथे आणून अडकवणारा मी होतो. मी इंजिन बंद केलं. एक अठ्ठावीस.

एक पस्तीसला सासऱ्यांनी डोळे मिटले.

"बाबा?"

"हं."

"झोपलात?"

"ही माझी वामकुक्षीची वेळ आहे."

ते खरं होतं. जेवल्यावर डाव्या कुशीवर अर्धा तास, गेली पन्नास वर्षं. मला ते माहीत होतं. पण झोप कुठे संपते आणि शुद्ध कुठे हरपते, ते मला माहीत नव्हतं. मागून मुलगी हळूच म्हणाली, जर्मनमध्ये, म्हणजे आजोबांना कळू नये म्हणून, "पापा, मला भीती वाटतेय. तू का सारखं विचारतोयस?"

मी सासऱ्यांच्या खांद्याला हात लावला. "बाबा, शेवटचा. सतरा औट?" म्हणजे सतरा गुणिले साडेतीन.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठ हलत होते. मी मोजत होतो, सात, आठ, नऊ सेकंद.

"साडे... सत्तावन्न."

मागून काही आवाज आला नाही. मुलीने फोन पाहिला असणार. साडेएकोणसाठ हवं होतं. दोनाने चुकलं होतं.

आजवर मला गाडीत कधी घाम आला नव्हता. तेव्हा बाहेर उणे तीन होतं, हीटर बंद होता आणि माझी पाठ ओली झाली. पुढचं बाहेर पडण्याचं वळण तीन किलोमीटरवर होतं. ते तीन किलोमीटर जायला एकोणीस मिनिटं लागली. एकशे बारा नंबर फिरवला तेव्हा पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, रुग्ण बोलतोय, गाडी हळूहळू पुढे सरकतेय, तर येणाऱ्या वळणावर बाहेर पडा, रुग्णालय तिथून चार मिनिटांवर आहे; शुद्ध गेली तर लगेच पुन्हा फोन करा. त्या एकोणीस मिनिटांत मी सासऱ्यांना एकदाही झोपू दिलं नाही. ते रागावले. "अहो, काय चाललंय तुमचं! हात सोडा माझा!" मला त्यांचा राग ऐकून बरं वाटत होतं. राग थांबला की भीती वाटत होती.

"हे घरचं वळण नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"हो. दिला होता."

त्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

नोटआउफनामेत, म्हणजे तातडीच्या विभागात, काचेमागच्या परिचारिकेने विचारलं, कधी पडले? मी म्हणालो, अकरा बावन्न. तिने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून चौदा मिनिटं. रक्त पातळ करायची गोळी घेतात? हो, दिवसातून दोनदा, शेवटची सकाळी सव्वासातला. तिने टायपिंग थांबवलं आणि माझ्याकडे वर पाहिलं. "उंट दा कोमेन झी एर्स्ट येत्स्ट?" आणि तुम्ही आत्ता येताय?

"हो," मी म्हणालो, आणि त्यांचं नाव लिहून दिलं.

त्यांना चाकांच्या पलंगावरून आत नेलं. दार बंद झालं. मी मुलीला भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि बायकोला फोन लावला. पार्श्वभूमीला कोणी तरी खोक्यांचे आकडे मोठ्याने वाचत होतं.

"पोचलात घरी?"

"नाही. ऐक. बाबा ट्यूबवर बसले. डोकं आपटलं. आम्ही रुग्णालयात आहोत, स्कॅन चाललंय."

आकडे वाचणारा आवाज दूर गेला. ती बाहेर आली असावी. "किती वाजता?"

"अकरा बावन्न."

"आता किती वाजलेत?"

मी सांगितलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, "तू रोज लोकांना सांगतोस गाडी कधी थांबवायची ते." मग पत्ता विचारला आणि फोन ठेवला.

स्कॅनचा निकाल यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढ्यात मी दाराच्या काचेतून आत जाणारे-येणारे मोजत होतो, आणि प्रत्येक वेळी कोणी धावत गेलं की ते सासऱ्यांकडेच गेलं असं वाटायचं. एकदा दोघे धावले. मुलीने माझ्या जॅकेटची बाही धरली होती. ती म्हणाली, "मी म्हटलं म्हणून आबा बसले." या वेळी मराठीत. मी म्हणालो, "नाही. तू नऊ वर्षांची आहेस. मी सत्तेचाळीसचा आहे."

डॉक्टर तरुण होती. ती म्हणाली, आत्ता रक्तस्राव दिसत नाही. मी 'आत्ता' या शब्दावर अडकलो, आणि तिनेही तो मुद्दाम वापरला होता. गोळीमुळे उशिरा सुरू होऊ शकतो. चोवीस तास इथे ठेवू आणि उद्या पुन्हा स्कॅन करू. मी विचारलं, शक्यता किती? ती म्हणाली, कमी. मी म्हणालो, कमी म्हणजे आकड्यात किती? तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या सासऱ्यांसाठी आकडा नसतो. उद्या कळेल."

आत गेलो तर ते टोपी काढून पडले होते. टोपीशिवाय ते फार म्हातारे दिसले. मी सतरा औटची गोष्ट काढली, का ते मला माहीत नाही. कदाचित मी दिलेला शब्द का मोडला ते सांगायला. त्यांनी छताकडे पाहत उत्तर दिलं. "औटकी मला दहाच्या पुढे कधीच आली नाही. वडील त्यावरून मारायचे."

म्हणजे मी ज्या मोजमापावर तासभर विसंबलो, त्याचं शून्यच मी आधी लावलेलं नव्हतं; एरवी त्यांना काय येतं आणि काय नाही, ते तपासलंच नव्हतं. ज्या चुकीने मला रुग्णालयात आणलं ती चूक नव्हतीच, आणि ज्या बरोबर उत्तरांनी मला ऑटोबानवर ठेवलं त्यांनाही काही अर्थ नव्हता. माझ्या हाताखालच्या माणसाने चाचणी अशी केली असती तर मी त्याला कागद परत दिला असता.

दुसऱ्या दिवशीचं स्कॅनही स्वच्छ आलं. बायको रात्रभर तिथे बसली होती. ती आम्हा दोघांशीही सारखंच कमी बोलत होती. घरी आल्यावर सासरे चार दिवस माझ्याशी गरजेपुरतं बोलले. "मीठ." "दार." मी समजू शकत होतो.

रुग्णालयाचा अहवाल पोस्टाने आला. मी असले कागद शब्द न् शब्द वाचतो, न समजलेला प्रत्येक शब्द शोधतो. दुसऱ्या पानावर, ताजी इजा नाही असं लिहिल्यावर खाली एक ओळ होती : डाव्या बाजूला, पुढे, पूर्वीच्या लहानशा इजेची जुनी खूण. मार उजव्या कानामागे लागला होता. मी ती ओळ तीन वेळा वाचली. तारीख शोधली, नाव शोधलं, कागद आमचाच होता ना ते पाहिलं. आमचाच होता.

बायको कामावर होती, मुलगी शाळेत; मी सुट्टी घेतली होती. सासरे गॅलरीच्या दाराशी ऊन घेत बसले होते. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांना वाचता येणार नव्हतं, म्हणून मी ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितली.

"दसऱ्याच्या आधी," ते म्हणाले. "न्हाणीघरात. साबण खाली पडला होता."

"किती वेळ पडून होतात?"

"बाहेर रेडिओ चालू होता. बातम्या सुरू व्हायच्या होत्या. उठलो तेव्हा दुसऱ्या बातम्या चालू होत्या."

"दोन्हींमध्ये किती?"

"मला काय माहीत? तास. दीड तास. भिंतीला धरून उठलो. डोकं दोन आठवडे दुखत होतं." ते थांबले. "शेजारी दार वाजवून गेला होता म्हणे. मला ऐकू आलं नाही."

मी त्या टेकडीवर घाबरलो होतो, श्टाउमध्ये त्याहून जास्त. पण ती भीती माझ्यासमोर घडत असलेल्या गोष्टीची होती. मी हात लावू शकत होतो, वळण घेऊ शकत होतो. ही गोष्ट तीन महिन्यांपूर्वी, साडेसहा हजार किलोमीटरवर होऊन गेली होती. त्या दिवशी आम्ही इथे काय करत होतो? रविवार असता तर त्यांना फोन केला असता, ते म्हणाले असते, ठणठणीत आहे. तसे ते त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी म्हणाले होते. आणि मार्चच्या एकोणतीस तारखेचं त्यांचं परतीचं तिकीट फ्रिजवर लावलेलं होतं.

"बाबा, हे मी तिला सांगणार आहे. या वेळी मी शब्द देणार नाही."

मला वाटलं ते रागावतील. त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"वृद्धाश्रमात नाही जाणार मी."

"ते तिच्याशी बोला. मी तुमच्या बाजूने बोलेन की तिच्या, ते मला अजून माहीत नाही. पण लपवणार नाही."

"तुम्ही सांगितलंत तर ती म्हणेल, बाबांनी तुझ्याकडून वदवून घेतलं." ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. उठताना क्षणभर डावीकडे झुकले, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो धरला, सोडला नाही. "मीच सांगतो. फोनवर नको. ती सहाला येते ना? तुम्ही शेजारी बसा फक्त. मधे बोलू नका."

सहा वाजायला चार तास दहा मिनिटं होती. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसलो, आणि ती येईपर्यंत मी त्यांना एकदाही एकटं सोडलं नाही.